संध्याकाळी हरवणारी सात स्टेशनं

परत येऊन आठवडा झाला, तरी वहीच्या पानांना ओल आहे. सहा दिवसांपैकी साडेचार दिवस पाऊस होता. अक्षरं फुटून ओळखू येईनाशी व्हायच्या आत सगळं लिहून काढते आहे.

डोंगरातल्या एका जलशुद्धीकरण केंद्रावर गेले होते. नवी यंत्रं बसून पाच महिने झाले होते, पण उपकरणांना जोडणारं नेटवर्क अजून कुणी ताब्यात घेतलं नव्हतं. घेणार तरी कसं? दिवसभर सगळं सुरळीत चालायचं आणि संध्याकाळ झाली की पंपघरातली सात स्टेशनं, म्हणजे नेटवर्कला जोडलेली उपकरणं, पडद्यावरून नाहीशी व्हायची. कधी दहा सेकंदांत परत यायची, कधी रात्रभर येत-जात राहायची. पीएलसीचं (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचं) कार्ड दोनदा बदलून झालं होतं. फोनवर मला सांगितलं गेलं, "ताई, आता फक्त केबल बदलायची राहिली आहे." म्हटलं, मी येईपर्यंत एकही वायर हलवू नका.

दिवस पहिला: आधी पायी

रात्रीची गाडी, मग दोन तासांचा चढ. पोचले तेव्हा दाट धुकं होतं. गाळणीघर कंट्रोल रूमपासून साठ पावलांवर, पण दिसत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज येत होता.

न्यायला आलेला इलेक्ट्रिशियन तिशीतला, कमी बोलणारा. पाच महिने रात्री-अपरात्री यालाच उठवलं जात होतं. मी लॅपटॉप उघडेन अशी त्याची अपेक्षा होती. मी म्हटलं, "दादा, आधी केबल जाते तिथून तिथून चालूया." तो क्षणभर थांबला आणि गमबूट घेऊन आला.

नकाशावर प्रोफिबस डीपीची, म्हणजे पीएलसी आणि उपकरणांमध्ये संदेश नेणाऱ्या केबलची, एक लाइन होती. वेग सेकंदाला १.५ मेगाबिट. मास्टरचा (विचारणाऱ्या पीएलसीचा) पत्ता २, त्याच्याखाली २६ स्लेव्ह (उत्तर देणारी स्टेशनं), तीन सेगमेंट (लाइनीचे तुकडे). पहिला कंट्रोल रूममधल्या मोटर पॅनलांचा. तिथल्या दोन रिपीटरांतून (सिग्नल ताजा करून पुढे पाठवणाऱ्या डब्यांतून) दुसरा गाळणीघराकडे आणि तिसरा पंपघराकडे. प्रोफिबसचा जन्म १९८७ साली जर्मनीत सुरू झालेल्या एका संयुक्त प्रकल्पातला. आता जमाना इथरनेटचा असला तरी पाणी, सिमेंट, साखर, पोलाद अशा कारखान्यांत ही जांभळी केबल अजून हजारो ठिकाणी काम करते आहे आणि पुढची कित्येक वर्षं करत राहील. तिची माहिती असलेली माणसं मात्र झपाट्याने कमी होताहेत. मला त्याची खरोखर काळजी वाटते.

प्रत्यक्ष चालल्यावर स्लेव्ह २७ निघाले. पंपघराच्या वाटेवर, कंट्रोल रूमपासून चाळीसेक मीटरवर एका चेंबरमध्ये कच्च्या पाण्याच्या व्हॉल्व्हवर एक ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह उघडणारं-मिटणारं यंत्र) होता. तो नंतर बसवलेला, त्यामुळे नकाशात नव्हता. त्याचा पत्ता २९. इलेक्ट्रिशियनला तो माहीत होता, पीएलसीच्या कॉन्फिगरेशनमध्येही होता, फक्त कागदावर आलेला नव्हता. तिसऱ्या सेगमेंटमध्ये म्हणजे आठ स्टेशनं, २२ ते २९.

दुपारी पीएलसीतला दोषांचा इतिहास वाचला. रोज साधारण ५:२५ ला २८ नंबरचं स्टेशन जात होतं आणि ६:०५ च्या सुमारास बाकीची सात डळमळायला लागत होती. २८ बद्दल विचारलं, तर "ते गळतीच्या पाण्याच्या पंपाचं पॅनल, रोज बंदच होतं" असं उत्तर मिळालं. मीही ते तसंच वहीत लिहून पुढे गेले. त्या ओळीखाली त्याच दिवशी रेघ मारायला हवी होती.

लॉगबुकवरून कंट्रोल रूममध्ये जुना वाद होता. मोठा पंप रोज ६:४० ला सुरू होतो अशी नोंद. तो व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या आणि विजेचा गोंगाट करणाऱ्या ड्राइव्हवर) चालतो आणि व्हीएफडी म्हटलं की नेटवर्कच्या प्रत्येक दुखण्याचा आळ त्याच्यावर येतो. पण स्टेशनं तर ६:०५ लाच जायला लागतात, म्हणजे पंप सुरू होण्याच्या पस्तीस मिनिटं आधी. म्हणून "व्हीएफडी नाही" असं इलेक्ट्रिकलवाल्यांनी ठणकावून सांगितलं होतं आणि तो विषय तिथेच मिटला होता.

*सोबत काय न्यावं:* चांगला मल्टिमीटर, सिग्नलची लाट दाखवणारा, बॅटरीवर चालणारा ऑसिलोस्कोप (जमिनीपासून अलग असलेला, नाहीतर मापनच नवा दोष तयार करतं), नऊ पिनांचे चार जादा कनेक्टर, एक मीटरची तयार केबल, जांभळ्या केबलचं आवरण सोलायचं खास हत्यार आणि पुसला न जाणारा मार्कर. लॅपटॉप शेवटी. आणि जिथे जाल तिथला नकाशा खोटा आहे असं धरूनच चाला.

दिवस दुसरा: एकशे बारा, दोनशे वीस

सकाळी चार तासांचं शटडाउन मिळालं. परमिटवर सह्या होईपर्यंत पाऊस सुरू झाला.

आधी या लाइनीच्या टोकांबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रोफिबस आरएस-४८५ या विद्युत पद्धतीवर चालतो. आरएस-४८५ ची लाइन दोन्ही टोकांना टर्मिनेट करावी लागते, म्हणजे टोकाला रोध लावावा लागतो, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून मागे फिरतो. प्रोफिबसमध्ये हे टर्मिनेशन कनेक्टरच्या आतच असतं. ए आणि बी या दोन तारांमध्ये २२० ओहम, बी कडून ५ व्होल्टला ३९० ओहम आणि ए कडून शून्याला ३९० ओहम. वरचे दोन ३९० कशासाठी, तर कुणीच बोलत नसताना लाइन अधांतरी राहू नये म्हणून. शांत असताना बी ही ए पेक्षा साधारण १.१ व्होल्ट वर राहते.

कनेक्टर उपकरणांपासून सोडवले, रिपीटरच्या टोकाला माझा स्वतःचा टर्मिनेशन चालू केलेला कनेक्टर लावला आणि ए-बी मोजत गेले. दोन्ही टोकांचे २२० समांतर येतात, म्हणजे ११० दिसायला हवेत. केबलचा स्वतःचा रोध जाऊन-येऊन किलोमीटरला ११० ओहमच्या आसपास, त्यामुळे लांबीनुसार दोन-चार ओहम वर. पहिल्या सेगमेंटला ११२ आले. तिसऱ्याला, ज्याची सगळे तक्रार करत होते त्याला, ११४. दोन्ही उत्तम.

गाळणीघराच्या सेगमेंटला २२०.

म्हणजे एकच टर्मिनेशन दिसत होतं, माझं. ज्याच्याविरुद्ध कुणाची ठाम तक्रार नव्हती तोच सेगमेंट एका टोकाला उघडा होता. शेवटच्या कनेक्टरवरची सरकपट्टी ऑफ होती. इलेक्ट्रिशियनने लगेच सांगितलं, "ऑन केलं की ते स्टेशनच जातं, ताई. म्हणून ऑफ ठेवलं. मीच ठेवलं."

कनेक्टर उघडला आणि कारण समोर आलं. या कनेक्टरमध्ये केबलसाठी दोन जागा असतात, एक येणारीची आणि एक जाणारीची. पट्टी ऑन केली की टर्मिनेशन लागतं आणि त्याच वेळी जाणारी बाजू आतून तोडली जाते, कारण त्यापुढे लाइन नसणार हे गृहीत असतं. इथे बसवणाऱ्याने शेवटची केबल जाणाऱ्या जागेत लावली होती. त्यामुळे ऑन केलं की टर्मिनेशन उपकरणाकडे राहायचं आणि लाइनच तुटायची. बाणाच्या खुणा कनेक्टरवर असतात, पण पॅनलच्या अंधाऱ्या तळाशी, गुडघ्यावर बसून काम करताना त्या दिसत नाहीत.

त्याने ऑफ ठेवलं त्यात त्याची चूक नव्हती. समोर जे दिसलं त्यावरून त्याने रास्त निर्णय घेतला आणि पाणीपुरवठा चालू ठेवला. केबल येणाऱ्या जागेत घेतली, पट्टी ऑन केली, पुन्हा मोजलं तर ११३. आपल्या मीटरवरही तोच आकडा येतो का हे त्याने पाहिलं. आला. मग पहिल्यांदाच तो मोकळेपणाने बोलायला लागला आणि शटडाउन संपेपर्यंत त्याने आणखी दोन जागा दाखवल्या. एका पॅनलमध्ये शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) कापून मागे दुमडलं होतं, क्लॅम्पखाली घेतलंच नव्हतं. दुसऱ्यात सोलताना सुरीचा वार हिरव्या तारेच्या इन्सुलेशनवर गेला होता. दोन्ही ठिकाणी कनेक्टर नव्याने बांधले.

*टीप:* आत हिरवी तार ए, लाल तार बी. सगळ्या कनेक्टरांत एकसारखी. दुसऱ्या जातीच्या आरएस-४८५ उपकरणांवर ए-बी ही अक्षरं उलट अर्थाने छापलेली सर्रास सापडतात, तिथे अक्षरावर न जाता धन कुठली हे मोजून पाहा.

संध्याकाळी पडद्यासमोर बसलो. साडेसहा झाले, पावणेसात झाले. पंपघराची सात स्टेशनं गेली.

दिवस तिसरा: चाळीस मीटरवरचा खड्डा

रात्रभर विजा चमकत होत्या. सकाळी आभाळ थोडं उघडलं तेवढ्यात ऑसिलोस्कोप घेऊन तिसऱ्या सेगमेंटच्या मागे लागले. मल्टिमीटरने त्याला निर्दोष ठरवलं होतं, पण मल्टिमीटर रोध मोजतो तो न बदलणाऱ्या (डीसी) विजेवर. नेटवर्क धावत असताना लाइनीवर काय चालतं ते त्याला कळत नाही.

रिपीटरजवळ प्रोब लावून बी वजा ए बघितलं. वेग १.५ मेगाबिट असला की एका बिटाला सुमारे ६६७ नॅनोसेकंद मिळतात. चौकोनी लाट हवी, माथा सपाट. इथे प्रत्येक चढाईनंतर ४०० नॅनोसेकंदांनी माथ्यावर एक खड्डा पडत होता. या केबलमध्ये सिग्नलला मीटरभर जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. जाऊन परत यायचं म्हणजे १०. चारशे भागिले दहा, चाळीस मीटर. रिपीटर स्वतः बोलत असताना मोजलं म्हणून हा हिशोब चालतो. दुसरं कुणी बोलत असेल तेव्हा अंतराचा अर्थ बदलतो.

आकडा ऐकल्याबरोबर इलेक्ट्रिशियन म्हणाला, "व्हॉल्व्हचं चेंबर."

कोरड्या खोलीत उभं राहून चिखलातली जागा सांगता येणं यातला आनंद मला पंधरा वर्षांनीही कमी झालेला नाही. चेंबरकडे जाताना आम्ही दोघं जवळजवळ पळत होतो.

चेंबरजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये मुख्य केबल तोडून टर्मिनल पट्टीवर घेतली होती आणि तिथून १५ मीटरचा एक फाटा ॲक्च्युएटरकडे सोडला होता. विजेच्या वायरिंगमध्ये हे रोजचं काम आहे, दिवा वाढवायचा असेल तर असाच फाटा काढतात. या लाइनीला तो चालत नाही. १.५ मेगाबिटला फाट्यांची सगळी मिळून मर्यादा जेमतेम साडेसहा मीटर आहे, आणि त्याहून जास्त वेगाला फाटा अजिबात नको. फाट्याचं टोक उघडं असतं, सिग्नल तिथे जाऊन आपटतो आणि उलट येऊन मुख्य लाइनीत मिसळतो.

उपाय म्हणजे केबल ॲक्च्युएटरपर्यंत नेऊन तिथल्या कनेक्टरमधून परत आणायची, साखळीची कडी जोडतात तशी. पण त्याने लांबी ३० मीटरने वाढणार होती. सेगमेंट १६० मीटरचा होता, तो १९० झाला. या वेगाला मर्यादा २०० ची. बसलं. नसतं बसलं तर वेग ५०० किलोबिटवर आणून ४०० मीटरची मुभा मिळाली असती, किंवा आणखी एक रिपीटर टाकावा लागला असता.

काम संपायला दुपारचे चार वाजले. तोवर पाऊस पुन्हा इतका कोसळला की चेंबरवर ताडपत्री धरून एकजण उभा आणि खाली बसून आम्ही फेरूल दाबतोय. स्कोपवर खड्डा गेला, लाट सरळ झाली.

मग हाताशी तासभर होता म्हणून पीएलसीचं घड्याळ तपासलं. ते पस्तीस मिनिटं मागे होतं.

वहीचं पहिलं पान उघडलं. ५:२५ म्हणजे खरे सहा. ६:०५ म्हणजे खरे ६:४०. सात स्टेशनं मोठ्या पंपाच्या आधी जात नव्हती, पंप सुरू होताच जात होती. पाच महिन्यांचा वाद एका चुकीच्या घड्याळावर उभा होता. आधी घड्याळ बघायचं, मग इतिहास वाचायचा हा क्रम मी पाळला असता तर दोन दिवस वाचले असते.

त्या संध्याकाळी ६:४० ला स्टेशनं गेली, पण सातच्या जागी चार, आणि तीही पाच-सात सेकंद. फाटा काढल्याचा फायदा झाला होता. मूळ दुखणं शिल्लक होतं.

दिवस चौथा: सहा वाजता पंपघरात

हा दिवस मी पंपघरात काढला. खाली नदी गढूळ झालेली, पाण्याची पातळी दर तासाला वर. इथले ऑपरेटर काका निवृत्तीला आलेले. बेअरिंगच्या आवाजावरून कुठल्या पंपाला ग्रीस हवं ते सांगतात. नेटवर्कशी आपला संबंध नाही अशी त्यांची समजूत होती आणि पाच महिन्यांत त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं.

मोठ्या पंपाच्या व्हीएफडीची केबल आणि आमची जांभळी केबल सहा मीटर एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी होती. किमान वीतभर अंतर हवं आणि छेद द्यायचाच तर काटकोनात. वेगळी केली. तरीही मनाची खात्री होत नव्हती, कारण दुपारी चाचणीसाठी तोच पंप अर्धा तास चालवला आणि एकही स्टेशन हललं नाही. तोच पंप, तीच लाइन. दुपारी चालतं आणि संध्याकाळी नाही. संध्याकाळी वेगळं काय असतं?

बरोबर सहाला काका उठले, कोपऱ्यातल्या पॅनलकडे गेले आणि मुख्य स्विच खाली केला. २८ नंबर.

मी विचारलं तर म्हणाले, "हे रोज बंद करतो, ताई. गळतीचा पंप दिवसाच लागतो. रात्री विनाकारण चालू ठेवू नका असं सुरुवातीलाच सांगितलंय."

२८ नंबर, लाइनीचं शेवटचं टोक. टर्मिनेशन त्याच्याच कनेक्टरमध्ये, आणि त्या टर्मिनेशनला लागणारे ५ व्होल्ट त्याच उपकरणातून येतात. पॅनल बंद झालं की २२० ओहम जागेवर राहतात, पण लाइनीला वर उचलून धरणारा एक हात सुटतो. दुसरं टोक रिपीटरमध्ये, ते एकटंच दोघांचं ओझं ओढतं. मास्टर थांबवून शांत लाइनीवर मोजलं. पॅनल चालू असताना १.१ व्होल्ट, बंद असताना ०.६. एवढ्याने नेटवर्क पडत नाही. रिसीव्हरला ०.२ व्होल्टच्या वर मिळालं तरी तो वाचतो. पण मधली सुरक्षिततेची जागा निम्म्याहून कमी होते आणि मग ६:४० ला व्हीएफडी जे काही फेकतो ते त्या उरलेल्या जागेत मावत नाही.

अंदाज बरोबर आहे की नाही हे तपासायचा एकच प्रामाणिक मार्ग असतो. चारही जोड्या करून बघितल्या, प्रत्येकी वीस मिनिटं. पॅनल चालू, पंप बंद: शांत. पॅनल चालू, पंप चालू: शांत. पॅनल बंद, पंप बंद: शांत. पॅनल बंद, पंप चालू: तिसऱ्या मिनिटाला २५ नंबर गेलं, मागोमाग २३. काकांनी स्वतः स्विच वर केला आणि दोन्ही परत आली. त्यांनी पुन्हा खाली केला. पुन्हा वर. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे पाच महिने मीच..." मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. कुठलं पॅनल लाइनीचं टोक आहे हे त्यांना सांगणं आमचं काम होतं, आणि ते कुणीच केलं नव्हतं.

रात्रीपुरती स्विचवर चिठ्ठी बांधली: "बंद करू नये." चिठ्ठी हा कायमचा इलाज नाही. सहा महिन्यांनी ती गळून पडते.

*टीप:* शेवटचं स्टेशन कधीही बंद होऊ शकतं, बदललं जाऊ शकतं, किंवा त्याचा कनेक्टर कुणी दुरुस्तीसाठी उपसू शकतं. लाइनीच्या टोकाला स्वतःच्या वीजपुरवठ्यावर चालणारा ॲक्टिव्ह टर्मिनेटर बसवा. छोटीशी डबी असते, २४ व्होल्टवर चालते. नकाशा काढतानाच ती धरावी, दोष आल्यावर नव्हे.

दिवस पाचवा: मीटरांचं कोडं

टर्मिनेटर दुपारपर्यंत येणार होता. तोवर उरलेलं एक काम घेतलं. मोटर पॅनलांत सहा ऊर्जामीटर आहेत, मोडबस आरटीयू या दुसऱ्या संदेशपद्धतीवर, एका गेटवेमार्फत (दोन पद्धतींमधल्या दुभाष्यामार्फत) पीएलसीला जोडलेले. मोडबस १९७९ चा, म्हणजे प्रोफिबसपेक्षाही जुना, आणि साधेपणामुळे टिकलेला. सहापैकी तीन मीटर व्होल्टेज बरोबर दाखवत होते आणि तीन सतत शून्य. ते तीन बिघडलेले आहेत असं मानून परत पाठवायची तयारी झाली होती.

केंद्रावर एक शिकाऊ मुलगी आहे, डिप्लोमा नुकताच झालेला. चारही दिवस ती मागे उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, "तू शोध. फक्त कच्चे आकडे बघ, पडद्यावरचे नको." तिने चांगल्या मीटरची दोन रजिस्टरं (आकडा ठेवायची सोळा बिटांची घरं) लिहून घेतली आणि शून्यवाल्याची दोन. चांगल्याची ४३६६ आणि ०००० अशी, सोळाच्या पायावर. दुसऱ्याची ०००० आणि ४३६६. बराच वेळ ती नुसती बघत बसली. मग म्हणाली, "मॅडम, हे तेच आहे. उलटं ठेवलंय."

४३६६०००० ही ३२ बिटांची फ्लोटिंग-पॉइंट (अपूर्णांकासह साठवलेली) संख्या म्हणून वाचली की बरोबर २३० होते. अर्धे अदलाबदल केले तर इतकी सूक्ष्म संख्या येते की पडद्यावर शून्यच दिसतं. एका सोळा बिटांच्या रजिस्टरपुरतं काय जातं ते मोडबस सांगतो. दोन रजिस्टरांत विभागलेल्या संख्येचा कुठला अर्धा आधी पाठवायचा हे तो ठरवत नाही, मीटर बनवणारा ठरवतो. गेटवेमध्ये त्या तिघांसाठी एक खूण बदलली आणि २२९.६ दिसायला लागलं. तिने तो आकडा पॅनलच्या मीटरवर, मग हातातल्या मल्टिमीटरवर, असा दोनदा पडताळला. हे मी सांगितलेलं नव्हतं.

*टीप:* मोडबसमध्ये आकडा एका घराने सरकलेला दिसला तर पुस्तकात ४०००१ छापलेलं रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात ० पत्त्यावर असतं हे आठवा. आणि मीटर मुळीच बोलत नसेल तर वेगाच्या आधी पॅरिटी (चूक ओळखायला जोडलेला जादा बिट) तपासा. मानकात ती सम आहे, कित्येक मीटर मात्र विनापॅरिटी येतात.

टर्मिनेटर तीनला आला. २८ च्या कनेक्टरची पट्टी ऑफ केली, जाणाऱ्या जागेतून एक मीटर केबल काढून टर्मिनेटरला दिली आणि त्याला पंपघराच्या बॅटरीवरच्या २४ व्होल्टची जोड दिली. काकांना म्हटलं, आता बंद करा. चिठ्ठी त्यांनीच सोडली. पॅनल बंद असताना शांत लाइनीवर १.१.

६:४० ला पंप सुरू झाला. आठपैकी सात स्टेशनं हिरवी, २८ बंद, म्हणजे जसं हवं तसं. अर्धा तास कुणी खुर्चीवरून उठलं नाही.

रात्रभर ॲनालायझर (लाइनीवरचे संदेश नोंदणारं उपकरण) लावून ठेवला. पडद्यावर स्टेशन हिरवं दिसतं एवढ्याने भागत नाही, कारण मास्टर एक-दोन वेळा विचारून उत्तर मिळालं तरी हिरवंच दाखवतो. न मिळालेल्या उत्तरांची मोजणी बघावी लागते. सकाळपर्यंत ती शून्य होती.

दिवस सहावा: ताबा

पाऊस थांबलेला. पाच दिवसांत पहिल्यांदा कळलं की कंट्रोल रूमच्या खिडकीतून पलीकडचा अख्खा डोंगर दिसतो.

शेवटच्या दिवसाचं काम कंटाळवाणं वाटतं, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सत्तावीस स्टेशनं एकेक करून बंद केली. एक बंद झालं तर शेजारी टिकतात का, आणि नेटवर्क तुटल्यावर उपकरण सुरक्षित स्थितीला जातं का, हे बघितलं. २९ नंबरच्या ॲक्च्युएटरचा वॉचडॉग (संदेश थांबले की उपकरणाला सुरक्षित स्थितीला नेणारा टायमर) कॉन्फिगरेशनमध्ये बंदच निघाला. लाइन तुटली तरी व्हॉल्व्ह शेवटच्या आज्ञेवर तसाच उघडा राहिला असता. नदी तशी फुगलेली असताना हे सापडलं याचं मला फार बरं वाटलं. तो चालू करून तीनदा चाचणी घेतली, तिन्ही वेळा व्हॉल्व्ह मिटला.

मग प्रत्येक सेगमेंटचे आकडे लिहिले: बंद असतानाचा रोध, शांत असतानाचा व्होल्टेज, दोन्ही टोकांच्या लाटेचं चित्र, केबलची लांबी. पुढच्या वेळी कुणी मीटर लावेल तेव्हा निरोगी असताना काय होतं हे त्याला माहीत असायला हवं. नवा नकाशा शिकाऊ मुलीने काढला, २९ नंबरसकट. पहिली प्रत इलेक्ट्रिशियनने कंट्रोल पॅनलच्या दाराला आतून चिकटवली. दुसरी काकांनी मागून घेतली आणि लाइनीचं टोक कुठलं ते विचारून त्यावर लाल पेनाने गोल केला.

दुपारी निघाले. उतारावर गाडी धुक्याखाली आली आणि ऊन लागलं. सहा वाजता मी स्टेशनच्या बाकावर होते, ६:४० ला डब्यात. घड्याळाकडे बघितलं. सव्वासातला शिकाऊ मुलीचा निरोप आला: "२८ बंद. बाकी सगळी आहेत. काका विचारतात, घरी पोचलात का?"